कंपनी विकली जाणार अशी कुजबुज आहे. शेअर ठेवावेत की विकावेत?

वाचकांचे प्रश्न : गुंतवणूक

प्रश्न : सप्रेम नमस्कार. सोलापुरातील टॉवेल-चादरींच्या एका पेढीवर हिशेबनीस म्हणून आयुष्यभर नोकरी करून मी निवृत्त झालो. आजवर शेअर घेतले ते बालाजी अमाईन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स अशा, ज्यांचे कारखाने येता-जाता दिसतात त्याच कंपन्यांचे. या वर्षी मात्र बोटांचे ठसे घेणारी यंत्रे तयार करणाऱ्या एका लहान कंपनीचे १,२०० शेअर सरासरी ९२ रुपयांनी घेतले. मोबाइल बनवणारी एक बडी परदेशी कंपनी ती विकत घेणार असून शेअरमागे २४० रुपये मिळतील, असे आमच्या ओळखीतल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगण्यात आले. माझ्या भाच्याचा मित्र हैदराबादला याच क्षेत्रात आहे. ‘परदेशी पाहुणे कारखाना बघून गेले’ असे त्यानेही सांगितले. चार महिन्यांपूर्वी ६५ च्या आसपास असलेला भाव आता ११८ आहे. कंपनीने या बातमीचा इन्कार केलेला नाही, त्याअर्थी ती खरी असावी. शिवाय आधारमुळे अशा यंत्रांना मरण नाही. बँकेतील मुदत ठेव मोडून आणखी शेअर घ्यावेत काय?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : मुदत ठेव मोडू नये. आपण पत्रात लिहिलेले कंपनीचे नाव आम्ही मुद्दाम गाळले आहे, कारण आधीच भाव चढलेल्या लहान कंपनीचे नाव अशा चर्चेत छापले गेले, तर छापणाऱ्याची इच्छा असो वा नसो, अफवेला पाय फुटतात.

कंपनीने इन्कार केला नाही, म्हणून बातमी खरी, हा आपला तर्क तपासून पाहिला पाहिजे. प्रमुख प्रसारमाध्यमांत आलेल्या अफवेची पुष्टी, इन्कार किंवा खुलासा करण्याचे बंधन सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या नियामक संस्थेने, १ जून २०२४ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या शंभर कंपन्यांवर आणि १ डिसेंबर २०२४ पासून पहिल्या अडीचशे कंपन्यांवर घातले. आपली कंपनी या यादीच्या आसपासही नाही, आणि ग्रुपवर फिरणारा मजकूर हे प्रमुख प्रसारमाध्यमही नव्हे. भाव फारच हलला तर शेअर बाजार स्वतःहून कंपनीला पत्र पाठवून कारण विचारू शकतो आणि त्याचे उत्तर बाजाराच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचायला मिळते. ते आपण जरूर पाहावे. परंतु कोणी विचारलेच नसेल, तर कंपनीच्या मौनातून होकारही निघत नाही आणि नकारही निघत नाही. आपण हिशेबनीस होतात. बिल हाती नसताना, केवळ समोरच्याने नाही म्हटले नाही एवढ्यावर, आपण खतावणीत जमा धरली नसती.

भाच्याच्या मित्राचा निरोप मला अधिक काळजीचा वाटतो. कंपनीच्या विक्रीविषयीची अप्रकाशित माहिती ही भावावर परिणाम करणारी संवेदनशील माहिती मानली जाते आणि ती दुसऱ्याला देणे, दुसऱ्याकडून मिळवणे किंवा तिच्या आधारे सौदा करणे या तिन्ही गोष्टींना सेबीच्या २०१५ च्या नियमावलीने मनाई केली आहे. दंड किमान दहा लाख रुपये असून तो पंचवीस कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे हा निरोप खोटा असेल तर आपले पैसे बुडतात आणि तो खरोखरच आतल्या माणसाकडून आला असेल, तर खरेदी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. ‘आतली बातमी’ म्हणून जी गोष्ट मोठ्या अप्रुपाने सांगितली जाते, तिची ही दुसरी बाजू सांगणारे सहसा सांगत नाहीत. परदेशी पाहुणे कारखान्यात येतात ते माल विकायला, माल घ्यायला, यंत्रांची तपासणी करायला अशा अनेक कारणांनी येतात, हेही ध्यानात घ्यावे.

बोटांच्या ठशांच्या व्यवसायाला अशा अफवांचा इतिहास आहे. फिंगरप्रिंट कार्ड्स या स्वीडनमधील सेन्सर बनवणाऱ्या कंपनीला सॅमसंगने ६५ कोटी डॉलर रोख मोजून विकत घेतल्याचे प्रसिद्धिपत्रक ११ ऑक्टोबर २०१३ रोजी निघाले. शेअर सुमारे पन्नास टक्के चढला आणि व्यवहार थांबवावे लागले. पत्रक साफ बनावट होते. दोन्ही कंपन्यांनी इन्कार केला आणि स्टॉकहोमच्या बाजाराला मधल्या वेळेतील सौदे रद्द करावे लागले. हे पत्रक लोकांना चटकन पटले, कारण त्याच्या एकच वर्ष आधी तशीच एक खरी घटना घडली होती आणि बरोबर त्याच महिन्यात सिनॅप्टिक्स या कंपनीने व्हॅलिडिटी ही सेन्सर कंपनी घेत असल्याचे जाहीर केले होते. पुढचे तर आणखी बोलके आहे. फिंगरप्रिंट कार्ड्स कोणीही विकत घेतली नाही, तरीही अँड्रॉइड फोनमध्ये सेन्सर बसू लागल्यावर २०१५ मध्ये तिचा शेअर अनेक पटींनी वाढला आणि चिनी स्पर्धकांनी सेन्सरचे दर पाडल्यावर तितक्याच जोराने कोसळला. भाव चढला तो धंद्यामुळे आणि पडला तोही धंद्यामुळेच.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर साधना ब्रॉडकास्टच्या शेअरविषयी सेबीने मार्च २०२३ मध्ये काढलेला अंतरिम आदेश वाचावा. एका बड्या उद्योगसमूहाकडून कंपनीचे अधिग्रहण होणार, असे खोटे दावे यूट्यूबवरील व्हिडिओंतून पसरवले गेले, भाव आणि उलाढाल वाढली, आणि लहान गुंतवणूकदार धावत आले तेव्हा आधीपासून शेअर असणाऱ्यांनी ते चढ्या भावाने विकले, असे त्यात नमूद आहे.

आता बनावट पत्रकाच्या वर्षभर आधीची ती खरी घटना. जुलै २०१२ मध्ये ॲपलने ऑथेनटेक ही कंपनी सुमारे ३५.६ कोटी डॉलरना, शेअरमागे ८ डॉलर देऊन घेण्याचे ठरवले. आदल्या दिवशी भाव पाच डॉलरच्या थोडा वर होता. सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोनमध्ये आलेल्या ‘टच आयडी’मागे याच कंपनीचे तंत्र होते. ठशांची प्रत्येक छोटी कंपनी उद्या कोणीतरी उचलणार, हे स्वप्न तेव्हापासून सुरू झाले. परंतु आकड्यांकडे पाहा : ज्या खरेदीदाराला ते तंत्र हवेच होते आणि ज्याच्याकडे पैशांची ददात नव्हती, त्यानेही चालू भावापेक्षा साठ टक्क्यांच्या आतच अधिक दिले. आपल्या ग्रुपवरचा २४० हा आकडा चार महिन्यांपूर्वीच्या ६५ च्या जवळजवळ पावणेचार पट आहे. हा आकडा कोणी, कशाच्या आधारे काढला, हे ग्रुपवर एकदा विचारून पाहावे.

तरीही घटकाभर धरून चालू की, बातमी खरी आहे. खरा प्रश्न तेथे सुरू होतो, कारण कंपनी विकली गेली म्हणून प्रत्येक भागधारकाच्या हातात पैसे पडतातच असे नाही. आपल्या कायद्यात, म्हणजे सेबीच्या २०११ च्या अधिग्रहण नियमावलीत, खरेदीदाराने २५ टक्के किंवा त्याहून अधिक मतदानाचा हक्क मिळवला किंवा कंपनीवर नियंत्रण मिळवले, तर त्याला इतर भागधारकांसाठी किमान २६ टक्के शेअरचा खुला देकार, म्हणजे ओपन ऑफर, द्यावी लागते. नियंत्रण न घेता २५ टक्क्यांच्या आत थांबणाऱ्या खरेदीदारावर हे बंधन नाही आणि पुष्कळजण तेथेच थांबतात. काही वेळा तर कंपनीचे शेअर कोणी घेतच नाही. तिचा एखादा विभाग, तिची पेटंटे किंवा तिची उपकंपनी विकली जाते. फ्रान्सच्या साफ्रान समूहाने आपला बायोमेट्रिक व्यवसाय २०१७ मध्ये सुमारे २४० कोटी युरोंना विकला, तेव्हा पैसे समूहाच्या तिजोरीत गेले. थ्रीएमने २०१० मध्ये सुमारे ९४ कोटी डॉलर देऊन कोजेंट ही बोटांच्या ठशांच्या तंत्राची कंपनी घेतली आणि त्यावर उभा केलेला ओळख-तंत्राचा व्यवसाय २०१७ मध्ये ८५ कोटी डॉलरना जेमाल्टो या कंपनीला विकला. विभाग विकून आलेले पैसे लाभांश म्हणून वाटायचे, कर्ज फेडायला वापरायचे की दुसऱ्या धंद्यात घालायचे, हे संचालक मंडळ ठरवते, आणि लहान कंपन्यांतील मंडळे वाटण्याच्या बाबतीत उदार असतात असा माझा अनुभव नाही.

खुला देकार आलाच, तर त्याची किंमत ठरवण्याचे नियम आहेत. प्रवर्तकांशी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांशी, करारात ठरलेला दर, खरेदीदाराने मागील ५२ आठवड्यांत दिलेला सरासरी दर, मागील २६ आठवड्यांत दिलेला सर्वोच्च दर आणि नियमित उलाढाल असलेल्या शेअरच्या बाबतीत मागील ६० व्यवहार-दिवसांतील बाजारभावाची उलाढालीनुसार काढलेली सरासरी, यांपैकी जो आकडा सर्वांत मोठा असेल त्याहून कमी दर देता येत नाही. प्रवर्तकाला २४० मिळाले तर आपल्यालाही किमान तेवढे मिळतील. ही तरतूद लहान भागधारकाच्या बाजूची आहे. मात्र प्रवर्तकाने ८० रुपयांना सौदा केला आणि ६० दिवसांची सरासरी ९० आली, तर देकार ९० चा येऊ शकतो, मग त्या दिवशी बाजारात भाव ११८ का असेना. अफवेने भाव जितक्या घाईने चढतो, तितकी ही सरासरी मागे राहते. खरी बातमी जाहीर झाल्याच्याच दिवशी शेअर पडताना आपण पाहतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

शिवाय देकार सगळ्या शेअरसाठी नसतो. समजा, प्रवर्तकांकडे ४८ टक्के आणि जनतेकडे ५२ टक्के शेअर आहेत. खरेदीदाराने प्रवर्तकांचा हिस्सा घेतला आणि २६ टक्क्यांचा देकार दिला, तर जनतेतील प्रत्येकाने शेअर देऊ केल्यास निम्मेच स्वीकारले जातील. आपल्या १,२०० पैकी ६०० चे पैसे मिळतील आणि उरलेले ६०० नव्या मालकाच्या राज्यात, बाजार देईल त्या भावाने, आपल्याकडे राहतील.

आधारविषयी आपण जे लिहिले आहे, त्यावर थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण कंपनीचे खरे मोल त्यावरच ठरेल. आधारची पहिली नोंदणी २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात झाली आणि तेव्हापासून ठसे घेणाऱ्या यंत्रांचा खप प्रचंड वाढला, हे निर्विवाद आहे. मात्र आधार कायद्याच्या कलम ५७ मधील जो भाग खासगी कंपन्यांना आधार पडताळणीची मुभा देत होता, तो सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केला. अलीकडे जुन्या, एल-झिरो प्रतीच्या यंत्रांऐवजी अधिक सुरक्षित एल-वन प्रतीची यंत्रे घ्यावी लागल्याने विक्रीची एक लाट आली. ती बदलीची मागणी होती. एकदा यंत्र बदलले की पुढची काही वर्षे तोच ग्राहक पुन्हा येत नाही. कंपनीच्या ताळेबंदात अलीकडे विक्री फुगलेली दिसत असेल, तर तिच्यात या लाटेचा वाटा किती हे पाहावे.

त्याहून मोठी गोष्ट चेहऱ्याच्या ओळखीची आहे. विड्या वळणाऱ्या बायका आणि मागावर आयुष्य घालवलेले कामगार यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र त्यांना ओळखत नाही, हे सोलापुरात रेशन दुकानासमोरच्या रांगेत उभे राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला २०२१ पासून साध्या अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही देता येतो. त्या वृद्धांच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली. ठशांचे यंत्र विकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र एक गिऱ्हाईक गेले. आधारला मरण नाही हे मान्य केले, तरी त्यावरून ठशांच्या यंत्राला मरण नाही असे सिद्ध होत नाही. वार्षिक अहवालात एवढे शोधावे : काचेखालचा मूळ सेन्सर कंपनी स्वतः बनवते की आयात करून केवळ जुळणी करते? पेटंटे तिच्या नावावर आहेत काय? विक्रीचा किती भाग एक-दोन सरकारी कंत्राटांवर अवलंबून आहे? आयात सेन्सर आणि आधारसाठी यंत्र चालते याचे प्रमाणपत्र एवढेच भांडवल असेल, तर बडा खरेदीदार कंपनी विकत घेण्यापेक्षा स्वतःच्या यंत्रासाठी तसेच प्रमाणपत्र मिळवणे पसंत करील.

मी आपल्या जागी असतो, तर नवी खरेदी थांबवून मूळ रक्कम आधी बाहेर काढली असती. आपली गुंतवणूक १,१०,४०० रुपयांची आहे. ११८ च्या भावाने ९३६ शेअर विकले की दलाली आणि कर वगळता ती परत येते आणि २६४ शेअर उरतात. बारा महिन्यांच्या आत विकल्यामुळे नफ्यावर अल्पकालीन भांडवली नफ्याचा २० टक्के कर लागेल. त्याला घाबरून विक्री लांबवू नये. लहान कंपनीत इन्काराची बातमी आली की शेअर सलग खालच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवशी भाव जेथवर पडू दिला जातो त्या मर्यादेला, अडकतो, विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा कोणीही नसतो. आज ११८ दिसतात म्हणून त्या दिवशी ११८ मिळत नाहीत. उरलेल्या शेअरसाठी बाजाराच्या संकेतस्थळावरील घोषणा आणि दर तिमाहीचा भागधारणेचा तक्ता पाहत राहावे. कोणी खरोखरच शेअर गोळा करत असेल, तर पाच टक्क्यांचा टप्पा गाठल्यावर त्याला ते जाहीर करावे लागते, आणि ती नोंद कोणत्याही ग्रुपवर येण्याआधी तेथे दिसते.

प्रश्न : सोलापूरच्या वालचंद महाविद्यालयातून अभियंता होऊन मी पुण्यातील चेहरा-ओळखीच्या एका नवउद्योगात चार वर्षे काम करत आहे. कंपनी शेअर बाजारात नाही. पगारातला काही भाग मी शेअर-विकल्पांच्या, म्हणजे ठरलेल्या दराने कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्कांच्या, रूपात घेतला आहे. कंपनी विकली जाणार असे ऑफिसात बोलले जाते. दुसरीकडे चांगल्या पगाराची नोकरी मिळते आहे. थांबावे काय?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आपल्या हाती कागद आहे, तो आधी वाचा. विकल्पांच्या योजनेत कंपनीचे नियंत्रण बदलल्यास काय होईल याचे कलम असते. आपले किती विकल्प आजवर पक्के झाले, म्हणजे वापरता येण्याजोगे झाले, उरलेले विक्रीच्या वेळी एकदम पक्के होतात की रद्द होऊ शकतात, आणि नोकरी सोडल्यावर पक्के झालेले विकल्प वापरण्यासाठी किती दिवस मिळतात, हे तीन मुद्दे त्यातून काढा. ती मुदत फार थोडी असेल, तर पदरचे पैसे घालून शेअर घ्यावे लागतील आणि विक्री होण्याआधीच कर भरावा लागेल.

दुसरे असे की, विक्रीची जाहीर होणारी रक्कम आणि कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येणारी रक्कम यांत बरेच अंतर असते. ज्या गुंतवणूकदारांनी अग्रहक्काचे शेअर घेतलेले असतात, त्यांचे पैसे बहुधा आधी परत होतात; उरलेल्यातून इतरांना मिळते. रक्कमही एकदम येईलच असे नाही. वर उल्लेख केलेल्या व्हॅलिडिटीच्या व्यवहारात जाहीर आकडा सुमारे २५.५ कोटी डॉलरचा होता, पण त्यातील ९.२५ कोटी सुरुवातीला द्यायचे होते आणि उरलेले पुढील विक्रीच्या प्रमाणात. अशा कंपनीत खरेदीदाराला अनेकदा यंत्रांपेक्षा माणसेच हवी असतात, त्यामुळे आपल्या कामाला खरोखर मोल असेल, तर नवा मालक वेगळा करार देऊ करतो. ऑफिसातील बोलण्यावर भरवसा ठेवून थांबण्यात मात्र अर्थ नाही. नव्या नोकरीच्या पगारातील वर्षाचा फरक आणि पुढील वर्षभरात पक्के होणाऱ्या विकल्पांची शेवटच्या मूल्यांकनानुसार किंमत यांची तुलना करा. दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट नसेल, तर माझा कौल नव्या नोकरीला.

प्रश्न : माझे सेवा केंद्र आहे. आधारवरून पैसे काढून देण्यासाठी ठशांची दोन यंत्रे स्वखर्चाने घेतली आहेत. ती बनवणारी कंपनी विकली जाणार अशी चर्चा आहे. यंत्रे बंद पडतील काय?
– एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : मालक बदलल्याच्या दिवशी काहीही बंद पडत नाही. आपले यंत्र आधारच्या व्यवस्थेत नोंदणीकृत असते आणि ते चालू राहण्यासाठी उत्पादकाची सेवा चालू असावी लागते. तिचे शुल्क आपण मुदतीने भरताच. नव्या मालकाने ती सेवा आणि प्रमाणपत्र चालू ठेवले, तर आपल्याला फरक जाणवणार नाही. त्याने ते मॉडेल बंद करायचे ठरवले, तर मात्र यंत्र सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरू शकते. ॲपलने ऑथेनटेक घेतल्यावर तिने इतर ग्राहकांना सेन्सर विकणे पुढे थांबवले आणि त्यांना दुसरा पुरवठादार शोधावा लागला.

आपण सेवेचे शुल्क एका वेळी एकाच वर्षाचे भरावे. सवलतीच्या मोहाने तीन-तीन वर्षांचे आगाऊ भरू नये. दोन यंत्रांपैकी एक पुढे कधी बदलावे लागेल, तेव्हा ते वेगळ्या उत्पादकाचे आणि एल-वन प्रतीचे घ्यावे. रेशन दुकानातील यंत्रांचा प्रश्न वेगळा आहे : ती शासनाच्या कंत्राटातून येतात आणि चालू ठेवण्याची जबाबदारी कंत्राटदाराची असते, त्यामुळे आपल्या ओळखीच्या रेशन दुकानदारांनी यासाठी स्वतः खर्च करण्याचे कारण नाही.